महाकम नदीच्या मुखावरील जमीन कोणाची?

जमीन म्हटली म्हणजे नांगराखालीं आलेलें शेत आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. जेथें नांगर चालत नाहीं ती भूमि पडीक, असा शेरा मारून आपण मोकळे होतों. हा शेरा वरवर निरुपद्रवी दिसतो. परंतु त्याच्यापायीं एका संपन्न प्रदेशाची व तेथील गरीब कुटुंबांची केवढी हानि होऊं शकते, हें ज्यांस पाहावयाचें असेल, त्यांनीं इंडोनेशियांतील महाकम नदीच्या मुखाकडे दृष्टि वळवावी. तेथील हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस भूगोल शिकवील, व त्यांच्या पालकांस अर्थशास्त्राचा एक कडू धडा देईल, असा आमचा विश्वास आहे.

महाकम ही बोर्निओ बेटाच्या पूर्व भागांतून वाहणारी, ९०० किलोमीटरांहून अधिक लांबीची नदी. हें नांव आपणांस परकें वाटेल. पण हिच्याच कांठीं, मुआरा कामान येथें, मूलवर्मा नांवाच्या राजाचे दगडी यूप सांपडले आहेत. ते इ. स. ४०० च्या सुमाराचे मानले जातात. त्यांवरील लेख संस्कृत असून इंडोनेशियांतील अत्यंत जुन्या लेखांत त्यांची गणना होते. राजानें दिलेल्या गाईंचा व भूमीच्या दानाचाही त्यांत उल्लेख आहे. म्हणजे ह्या नदीकांठची जमीन कोणी कोणास द्यावी, हा प्रश्न सोळाशें वर्षांचा जुना आहे!

मकासरच्या सामुद्रधुनीस मिळतांना ही नदी अनेक फांट्यांनीं फुटते, व आपल्याबरोबर आणिलेला गाळ पंख्याच्या आकारानें पसरिते. ह्या त्रिभुज प्रदेशांत पूर्वीं सुमारे एक लक्ष हेक्टर वन होतें. त्यांत निपा नांवाच्या ताडवर्गीय झाडांची दाटी असे, व समुद्राच्या बाजूस खारफुटी माजलेली असे. आपल्या कोंकणांतील खाड्यांत जीं तिवराचीं व कांदळाचीं झाडें वाढतात, त्यांच्याच कुळांतील झाडें तेथेंही आढळतात.

येथील गांवें चिखलांत रोंविलेल्या खांबांवर उभीं आहेत. घरांस जोडणारा रस्ता म्हणजे लांकडी फळ्यांचा पूल; शेजारच्या गांवीं जावयाचें तर होडी पाहिजे. चोहोंकडे पाणीच पाणी, पण भरतीबरोबर तें खारें होतें. म्हणून पावसाचें पाणी सांठवावें, किंवा नदीच्या वरच्या भागांतून होडीनें आणावें. वस्ती मुख्यत्वें बुगिस लोकांची. सुलावेसी बेटावरील हे दर्यावर्दी लोक सतराव्या शतकापासून महाकमच्या कांठीं येऊन राहूं लागले. पुढें १९५० नंतर त्यांच्या मूळ देशांत बंडाळी माजली, तेव्हां आणखी अनेक कुटुंबें बेट सोडून निघालीं. मासेमारी व नारळ ह्यांवर त्यांचा चरितार्थ चाले.

खारफुटीचें वन निरुपयोगी भासतें. परंतु तेंच कोळंबीचें माहेर आहे. कोळंबी समुद्रांत अंडीं घालते. तिचीं पिलें भरतीबरोबर खाडींत शिरतात, व मुळांच्या गुंत्यांत आसरा घेऊन वाढतात. गांवकऱ्यांनीं ह्याचा उपयोग करून घेतला. वन तोडून चौफेर मातीचा बांध घालावा, बांधास झडप ठेवावी, भरतीस ती उघडून पाण्याबरोबर पिलें आंत घ्यावीं, व पुढें उधाणाच्या दिवसांत पाणी सोडून देतांना मोठी झालेली कोळंबी जाळ्यांत धरावी, अशी ही रीत. अशा तळ्यास तेथें तंबाक म्हणतात. तळीं थोडीं होतीं, तोंवर वनही राहिलें व कोळंबीही मिळाली.

हा तोल बाजारानें बिघडविला. १९८० सालीं इंडोनेशियाच्या सरकारनें ट्रॉलर नौकांवर बंदी घालण्याचा हुकूम काढिला. लहान कोळ्यांचें रक्षण व्हावें, हा हेतु चांगला होता. पण परदेशांस, विशेषतः जपानास, कोळंबी हवीच होती. तेव्हां ती तळ्यांतून काढण्याकडे लोक वळले. जे बांध हातांनीं घालावयास महिने लागत, ते १९९० नंतरच्या दशकांत माती उपसणाऱ्या यंत्रांनीं थोडक्या दिवसांत होऊं लागले. त्यांत १९९७ चें आर्थिक संकट कोसळलें. त्या वर्षाच्या मध्यास एका डॉलरास सुमारे २४०० रुपिया पडत. १९९८ च्या आरंभीं १०,००० हून अधिक पडूं लागले. सारा देश दारिद्र्यांत लोटला जात असतां, डॉलरांत विकली जाणारी कोळंबी मात्र सोन्याच्या भावाची झाली. मग हात कोण आंवरतो? २००१ पर्यंत निम्म्याहून अधिक वन तळ्यांखालीं गेलें होतें.

सुगीचे हे दिवस फार टिकले नाहींत. खारफुटीच्या चिखलांत गंधक व लोह ह्यांचें संयुग असतें. तो चिखल उकरून उन्हावाऱ्यास उघडा पडला कीं त्यापासून गंधकाम्ल बनतें, व पावसाबरोबर तें तळ्यांत उतरतें. त्यांत पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणुजन्य रोगाची भर पडली. एक तळें निकामी झालें कीं तें टाकून दुसरें खोदावें, असा क्रम सुरू झाला. कांठचीं झाडें गेल्यानें लाटा बांध खाऊं लागल्या. आणि पिलांचा आसराच मोडल्यावर पिलें विकत आणण्याची पाळी आली.

हें सर्व लोभाचें फळ, असें म्हणून कित्येक सुशिक्षित मंडळी पुस्तक मिटतात. आम्हांस हा न्याय मान्य नाहीं. तळ्याचा धनी स्वतंत्र नव्हता. यंत्राचें भाडें व घरखर्च ह्यांसाठीं त्यास पोंगावा पैसा देई. हा पोंगावा सावकारही असतो व व्यापारीही. तो बहुधा व्याज मागत नाहीं. मात्र माल त्यालाच, तो ठरवील त्या भावानें, घालावा लागतो. ज्या घरांत सावकाराच्या वहीची आठवण अद्याप आहे, त्यांस ह्याचा अर्थ समजावून सांगावयास नको.

दुसरी गोष्ट कायद्याची. कागदोपत्रीं ह्या प्रदेशाचा मोठा भाग म्हणजे सरकारी वन. गांवकऱ्याजवळ फार तर गांवच्या प्रमुखानें दिलेलें पत्र. सरकारनें वन राखिलें नाहीं, व लोकांस धनीही होऊं दिलें नाहीं. ह्याच प्रदेशांत व आसपास सांपडलेला वायु १९७७ पासून बोंतांग येथें द्रवरूप करून परदेशीं पाठविला जाऊं लागला. भूमीच्या पोटांतील धन मोजलें गेलें. तिच्या पाठीवरील झाड व मनुष्य मात्र हिशेबांत धरले गेले नाहींत. ज्यास उद्यांची खात्री नाहीं, त्यानें उद्यांसाठीं झाड राखावें, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

कित्येक म्हणतात, तळीं मोडून वन पुन्हा लावावें. मग कुटुंबांनीं जावें कोठें? दुसरे म्हणतात, जमीन लोकांच्या नांवें करून टाकावी. पण नुसता दाखला हातीं आला, तर तो गहाण पडण्यास वेळ लागणार नाहीं. आमच्या मतें हक्क व कर्तव्य ह्यांची गांठ घातली पाहिजे. बांधांवर व तळ्याच्या मध्यें झाडें राखून कोळंबी, मासे व खेकडे वाढविण्याची रीत इंडोनेशियांत ठाऊक आहे. जें कुटुंब ती पाळील, त्यास त्या तळ्याचा दीर्घ मुदतीचा हक्क मिळावा, आणि माल विकण्यास पोंगाव्याखेरीज सहकारी संस्थेचें दार उघडें असावें. २०२० सालीं इंडोनेशियाच्या सरकारनें खारफुटीच्या पुनरुज्जीवनाचें काम एका खास संस्थेकडे सोंपवून सहा लक्ष हेक्टरांचें लक्ष्य ठरविलें. हेतु स्तुत्य खरा. परंतु रोप लावणें हें एका दिवसाचें काम, व तें राखणें हें एका पिढीचें. ज्याचें पोट त्या झाडावर अवलंबून असेल, तोच त्याचा खरा राखणदार होईल.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यांपैकीं कोणी पुढें अभियंते व्हाल, कोणी अधिकारी, कोणी व्यापारी. कोणत्याही भूमीपुढें 'पडीक' हा शब्द लिहिण्यापूर्वीं येथें काय वाढतें, कोण राहतें, आणि ह्या शब्दानें कोणाचा लाभ होणार, हे तीन प्रश्न स्वतःस विचारा. पालकांसही आमची विनंति आहे. दूरच्या देशांतून आलेल्या जिन्नसाची सगळी किंमत दुकानदाराच्या पावतीवर लिहिलेली नसते. तिचा कांहीं भाग कोठल्या तरी गांवीं कोणीतरी अगोदरच भरलेला असतो. हा हिशेब मुलांस शाळेंत शिकविणें आमचें काम आहे. त्याची संवय लावणें घराचें.