केस लपवून खेळलेली मुलगी

बर्फावरची हॉकी आपल्यापैकी बहुतेकींनी टीव्हीचं चॅनल बदलताना ओझरतीच पाहिली असेल. पायात पोलादी पात्यांचे बूट, अंगावर गादीसारखं जाडजूड कवच, डोक्यावर हेल्मेट आणि चेंडूऐवजी रबराची काळी चकती. आपल्याकडे ना तसला बर्फ, ना तो खेळ. तरीही मैत्रिणींनो, आज या खेळातल्या एका बाईविषयी बोलायचंय. कारण तिची गोष्ट आपल्या घरांच्या फार जवळची आहे.

हेली विकेनहायझर तिचं नाव. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात शॉनाव्हन नावाचं एक लहानसं गाव आहे, तिथे १९७८ साली ती जन्मली. आई-वडील दोघंही शिक्षक. हिवाळ्यात वडील घरामागच्या अंगणात पाणी सोडून बर्फाचं मैदान तयार करायचे. पाचव्या वर्षी हेली खेळायला लागली आणि तेरा वर्षांची होईपर्यंत मुलांच्याच संघांतून खेळली. मुलगी आहे हे कुणाला कळू नये म्हणून ती स्वच्छतागृहात जाऊन केस हेल्मेटमध्ये कोंबायची आणि मगच बर्फावर उतरायची. तिला फक्त खेळायचं होतं, चर्चेचा विषय व्हायचं नव्हतं.

पंधराव्या वर्षी, १९९४ मध्ये, ती कॅनडाच्या राष्ट्रीय संघात आली. पण तोवर बायकांच्या हॉकीला घरात जागा होती कुठे? १९९० साली ओटावात महिलांची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा कॅनडाच्या खेळाडूंना चक्क गुलाबी पोशाख घातले होते. का, तर लोकांचं लक्ष वेधलं जावं म्हणून! ऑलिंपिकमध्ये पुरुषांची बर्फावरची हॉकी १९२० पासून आहे. बायकांना तिथे प्रवेश मिळाला १९९८ साली, जपानच्या नागानोमध्ये. मधे अठ्ठ्याहत्तर वर्षं गेली. म्हणजे तीन पिढ्यांतल्या मुली खेळायच्या वयाच्या झाल्या, त्यांचं ते वय सरलं, आणि दार काही उघडलं नाही.

नागानोला कॅनडाचा संघ अंतिम सामन्यात अमेरिकेकडून हरला. रुपेरी पदक मिळालं. त्यानंतर मात्र २००२, २००६, २०१० आणि २०१४ अशी सलग चार सुवर्णपदकं त्यांनी जिंकली आणि चारही वेळा हेली संघात होती. पहिल्या दोन वेळा तर ती स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली. मधल्या काळात, २००० साली, सिडनीला ती सॉफ्टबॉलही खेळून आली. आणि याच धावपळीच्या वर्षांत ती एक मुलगाही वाढवत होती.

२००३ ची गोष्ट ऐका. तिला पुरुषांच्या व्यावसायिक संघातून खेळायचं होतं. इटलीतला एक संघ तिला घ्यायला तयार होता, पण तिथल्या महासंघाने सांगितलं, पुरुषांच्या लीगमध्ये बाईला खेळता येणार नाही. विषय संपला. मग ती फिनलंडला गेली. तिथल्या सालामात या संघाने तिला घेतलं आणि पुरुषांच्या व्यावसायिक सामन्यात गोल करणारी ती जगातली पहिली बाई ठरली. बाई तीच, खेळ तोच. फरक इतकाच की, एका देशात दार लावलं गेलं, दुसऱ्या देशात उघडलं गेलं.

जानेवारी २०१७ मध्ये ती निवृत्त झाली. देशासाठी २७६ सामने, १६८ गोल. एवढ्यावर कुणीही समाधान मानलं असतं. पण डॉक्टर व्हायचं हेही तिचं लहानपणापासूनचं स्वप्न होतं. चाळिशीच्या उंबरठ्यावर तिने वैद्यकीय शिक्षण सुरू केलं. मार्च २०२० मध्ये करोना पसरत असताना ती शिकाऊ म्हणून रुग्णालयातली परिस्थिती डोळ्यांनी पाहत होती. ती तेव्हा आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या खेळाडू आयोगाची सदस्य होती. तरीही, टोकियोचं ऑलिंपिक ठरल्याप्रमाणे घेऊच हा समितीचा हट्ट बेजबाबदार आहे, असं तिने जाहीरपणे सांगितलं. आठवडाभरात ऑलिंपिक एक वर्ष पुढे ढकललं गेलं. २०२१ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, ती डॉक्टर झाली.

अशी माणसं पाहिली की आपण पटकन म्हणतो, ‘काय जिद्द आहे बाई!’ जिद्द आहेच. पण नुसती जिद्द म्हणून मोकळं होणं जरा सोयीचं असतं. जिद्दीचा सगळा भार त्या एकट्या मुलीवर टाकता येतो, आपल्याकडे काहीच येत नाही. हेलीच्या जिद्दीमागे वडिलांनी तयार केलेलं अंगणातलं मैदान होतं. मुलीला मुलांच्या संघात खेळू देणारे आई-बाप होते. ज्यांना हे मिळालं नाही, अशा तिच्याइतक्याच गुणी किती मुली मधेच घरी बसल्या असतील, त्यांची नावं कुठल्याच यादीत नाहीत.

हे हेलीला पक्कं ठाऊक असावं. म्हणून तर जानेवारी २०१८ मध्ये ती खेळाचं साहित्य घेऊन आपल्या लडाखमध्ये आली. होय, आपल्याही देशात मुली बर्फावर हॉकी खेळतात! हिवाळ्यात जेमतेम दोन महिने तळी गोठतात, तेवढाच त्यांचा सराव. भावांचे जुने बूट घालून त्यांनी सुरुवात केली. लोकांकडून पैसे गोळा करून परदेशी स्पर्धा गाठल्या. २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपिन्सला ४-३ ने हरवून भारताच्या मुलींनी पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. त्याच संघाला २०१८ च्या अखेरीस हेलीने कॅनडात, कॅल्गरीला, आपल्या मुलींच्या हॉकी महोत्सवात बोलावून घेतलं. आणि २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत झालेल्या आशिया चषकात भारताच्या महिला संघाने कांस्यपदक जिंकलं.

आता जरा आपल्या गावाकडे पाहू या. सहावी-सातवीपर्यंत आपल्या मुली खो-खो, कबड्डीत मुलांना दमवतात. मग अचानक मैदानावरून दिसेनाशा होतात. कुणी त्यांना ‘खेळू नको’ असं तोंडाने म्हणतंच असं नाही. शाळेच्या स्वच्छतागृहाला धड कडी नसते. कपडे बदलायला खोली नसते. मैदान संध्याकाळी मुलांनी व्यापलेलं असतं. स्पर्धेला परगावी जायचं तर सोबत बाई शिक्षिका नसते. आणि घरी आपणच म्हणतो, ‘आता मोठी झालीस, पुरे झालं ते धावणं.’ इतक्या छोट्या छोट्या गोष्टींनी एक खेळाडू संपते आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

यातली एकही गोष्ट बर्फाच्या मैदानाइतकी महाग नाही. कडीला खर्च तो किती! पुढच्या पालकसभेत आपल्यापैकी चौघीजणींनी मिळून एवढंच विचारावं, मुलींना कपडे बदलायला खोली कुठली आणि मैदानावर त्यांची वेळ कोणती? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावं. आपली मुलगी ऑलिंपिकला जाईलच असं नाही. पण तिला खेळायचं असेल, तर केस लपवावे न लागता खेळता यावं, एवढं तरी आपण नक्की करू शकतो.