माळवदाचे घर : पाडावे की सावरावे?

दिवाळीला पुण्या-मुंबईहून गावी आलेली मुले दोन रात्री माळवदाखाली काढतात आणि निघताना वडिलांना एकच सल्ला देतात, “अण्णा, हे आता पाडा. स्लॅबचं बांधू.” लातूर-धाराशिवकडील कित्येक घरांत हा संवाद घडतो. सल्ला आपुलकीचा असतो आणि त्यामागे एक जुने भयही असते.

हे भय निराधार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन आटोपून निजलेल्या किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुतेकांचा बळी घेतला तो घराच्या भिंतींनी. दोन-अडीच हात रुंदीची भिंत बाहेरून अभेद्य दिसे; प्रत्यक्षात ते दगडांचे दोन सुटे थर होते आणि मध्ये चिखल-खडीची भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड घालण्याची जुनी शिस्त गवंडीकामातून लोपली होती. गळती थांबवण्यासाठी माळवदावर दरवर्षी नवी माती पडत गेली, ओझे वाढत गेले. मात्र त्याच विध्वंसात अनेक ठिकाणी भिंती ढासळूनही सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला, हे फारसे कोणी लक्षात ठेवले नाही.

किल्लारीने दगडी घर ही वस्तूच त्याज्य ठरवली, असा अर्थ घेणे म्हणूनच घाईचे आहे. दोष नेमके होते आणि त्यांवर नेमके उपाय आहेत. छतावरील जादा माती उतरवणे, ठरावीक अंतरावर भिंतीत आरपार दगड वा सळईयुक्त काँक्रीटचे सांधे घालणे, खांब आणि तुळई यांच्या जोडात तिरकस आधार देणे, चारही भिंतींना एकत्र बांधणारा पट्टा फिरवणे, हे ते उपाय. भारतीय मानक ब्यूरोने अशा कमी ताकदीच्या बांधकामासाठी १९९३ मध्येच मार्गदर्शिका काढली. त्या काळी ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, तशीच अन्य असंख्य घरे जागच्या जागी मजबूत करण्याचे कामही शासनाने हाती घेतले होते.

पाडणाऱ्यांच्या पदरी पुढे काय येते? माळवद जाऊन पत्रे आले की छतावरचे ओझे उतरते. पण चाळीस अंशांच्या वैशाखात दुपारी घरात बसवत नाही. उघड्या स्लॅबखाली दिवसभर साठलेली उष्णता रात्रभर अंगावर उतरते. मग कूलर येतो, वातानुकूलन येते आणि विजेचे बिल येते. जाड भिंत आणि मातीचे छत जे काम विनामूल्य करीत होते, तेच आता विकत घ्यावे लागते.

तथापि, जुने ते सर्व सोने असे मानून सोयींकडे पाठ फिरवणेही अन्यायाचे आहे. गुडघे दुखणाऱ्या आजीला रात्री परसात जावे लागत असेल, तर त्या घराच्या थोरवीचे गोडवे कोणी गाऊ नयेत. शौचालय, न्हाणी, उजेडाचे स्वयंपाकघर हवेच. ते जुन्या भिंतीवर भार टाकून नव्हे, तर मागील बाजूस स्वतंत्र पायावर, मध्ये फट राखून उभारावे. हजार लिटरची पाण्याची टाकी भरली की एक टन वजनाची होते; तिची जागा नव्या स्लॅबवर, माळवदावर नव्हे. सौरपट्टही तेथेच शोभतील. २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान ठरले. ७५ वॅटच्या जुन्या पंख्याऐवजी तीसएक वॅटचा पंखा लावला, तरी फरक जाणवतो. खिडक्या वाढवाव्यात, पण कोपऱ्यालगत भिंत फोडू नये. चिखलाच्या जुडाईवर सिमेंटचा गिलावा थापून ओल आत कोंडण्यापेक्षा चुन्याचा गिलावा करावा. त्यातून भिंतीला श्वास घेता येतो.

हे सारे एकाच वर्षी करण्याचीही आवश्यकता नाही. पहिला पैसा सुरक्षिततेवर, दुसरा सोयीवर, तिसरा शोभेवर, एवढा क्रम पाळला तरी पुरे. मात्र आरंभी जाणत्या अभियंत्याकडून घराची तपासणी करून घ्यावी. तुळई आतून वाळवीने पोखरली असेल, भिंत पोट काढून बाहेर आली असेल आणि सावरणे शक्य नसेल, तर ते घर उतरवण्यातच शहाणपण आहे. तेथे भावनेला थारा नको.

पण ही तपासणी न करताच घर मोडीत काढणे हा आधुनिकतेचा नव्हे, आळसाचा मार्ग आहे. वृद्ध माता-पित्यांच्या औषधपाण्याआधी कोणी त्यांची नाडी पाहायला विसरत नाही. ज्या घराने चार पिढ्या सांभाळल्या, त्याच्या वाट्यालाही तेवढा विवेक यायला हवा.