रोखीची खिडकी वाचवू या

बँकेत शिरलं की समोर काच, काचेला खाली फट आणि पलीकडे कॅशियर. विड्रॉवल स्लिप भरायची, पासबुकात घालून आत सरकवायची, टोकन घेऊन बाकावर बसायचं आणि नंबर पुकारला की खिडकीशी उभं राहून नोटा मोजून घ्यायच्या. आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांनी बँक म्हणून जे ओळखलं ते हेच. ही रीत आता मोडत चालली आहे. तिच्याविरुद्ध कुठला कायदा झालेला नाही. ती एकेका शाखेत, तोंडी सांगून मोडली जाते आहे, म्हणून तिच्यासाठी मोर्चा निघत नाही की विधानसभेत प्रश्न येत नाही. आवाज उठायला हवा तो आत्ता, खिडकी शिल्लक आहे तोवर.

काय चाललं आहे ते तालुक्याच्या गावी कुठल्याही गर्दीच्या शाखेत तासभर बसलं की कळतं. ‘दहा हजारांच्या आतले पैसे इथे मिळणार नाहीत, एटीएमला जा.’ ‘स्लिपवर नाही, चेकबुक घेऊन या.’ ‘तुमचं खातं दुसऱ्या शाखेचं, स्लिपवर एवढेच मिळतील.’ ‘आज कॅश कमी आली, पाच हजार न्या, बाकीचे सोमवारी.’ खांबावर सेलोटेपने एक कागद चिकटवलेला असतो. त्यावर ना सही, ना तारीख, ना परिपत्रकाचा क्रमांक. विचारलं की उत्तर ठरलेलं: वरून आलंय.

एटीएमपाशी गेलं तर तिथे वरची मर्यादा. कार्डावर दिवसाला किती, एका वेळी किती, महिन्यात किती वेळा फुकट, आणि त्यापुढे १ मे २०२५ पासून प्रत्येक वेळी २३ रुपयांपर्यंत शुल्क. बँकेच्या वतीने गावात केंद्र चालवणाऱ्या बँक मित्राकडे अंगठा लावून काढायचे तर एका व्यवहाराला दहा हजारांची सीमा. म्हणजे थोडे पैसे हवे असले तर खिडकी नाही म्हणते आणि जास्त हवे असले तर मशीन नाही म्हणतं. तरुण माणूस यातून वाट काढतो, मोबाइलवरून पैसे पाठवून मोकळा होतो. पंचाहत्तरीच्या माणसाने कुठे जायचं?

आणि पैसे काही हजारांच्या राशीत नसतात. श्रावणबाळ योजनेचे किंवा संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला १,५०० रुपये. ईपीएस-९५ या कर्मचारी पेन्शन योजनेत किमान पेन्शन १,००० रुपये, ती रक्कम सप्टेंबर २०१४ पासून तेवढीच. ‘दहा हजारांच्या आत काउंटर नाही’ असा तोंडी नियम शाखेने लावला की या माणसांसाठी ती खिडकी महिनाभर, वर्षभर, कायमची बंद झाली. सगळ्यात कमी पैसेवाल्यालाच बँकेच्या आत उभं राहू द्यायचं नाही, असा त्याचा अर्थ होतो. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं शेकडा ८.६ होती, महाराष्ट्रात ९.९. त्यानंतर हा आकडा वाढलाच आहे. हा मूठभर हट्टी म्हाताऱ्यांचा प्रश्न नव्हे.

आमच्या भागातल्या एका शाखेत मी अधूनमधून स्लिपा भरून द्यायला बसतो. तिथे पाहिलेली एक गोष्ट सांगतो. सत्तरीच्या पुढची एक बाई आली. पासबुक दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं, वर रबर. तिला दोन हजार हवे होते. खिडकीतला मुलगा वाईट नव्हता, त्याच्यापुढे रांग होती. तो म्हणाला, “मावशी, दोन हजारांसाठी इथं नका थांबू, बाहेर केंद्रावर अंगठा लावा.” ती केंद्रावर गेली. मशीनने अंगठा घेतला नाही. पदराने बोट पुसून पुन्हा लावला, मग तर्जनी, मग मधलं बोट, मग दुसरा हात. केंद्रवाल्याने बाटलीतलं ग्लिसरीन लावून पाहिलं. मशीनचा लाल दिवा काही जाईना. जन्मभर खुरपणी केलेल्या, राखेने भांडी घासलेल्या त्या बोटांवर रेघाच उरल्या नव्हत्या. ती परत खिडकीशी आली आणि म्हणाली, “साहेब, अंगठा झिजला त्यात माझा काय गुन्हा? पैसे तर माझेच हायेत ना?” मॅनेजरला सांगून तिला पैसे मिळाले. पण मागून आलेल्या प्रत्येकीसाठी मॅनेजरच्या केबिनपर्यंत जाणारं कोणी असतंच असं नाही. बस चुकेल म्हणून रिकाम्या हाताने परत गेलेल्याही मी पाहिल्या आहेत.

केंद्राची दुसरी तक्रार गावोगाव ऐकू येते. अंगठा लागतो, ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून माणसाला परत पाठवलं जातं आणि पुढे पासबुक छापलं तेव्हा रक्कम गेल्याचं दिसतं. सगळे बँक मित्र असे नसतात. बरेच जण रात्री आठलाही दार उघडतात, आजारी माणसाच्या घरी मशीन घेऊन जातात. मात्र ज्याला अक्षरओळख नाही त्याच्या हाती पावती नाही, पासबुकावर नोंद नाही आणि समोर बँकेचा जबाबदार माणूसही नाही, अशी व्यवस्था उभी केली तर फसवणूक होणारच. बँक मित्र ही सोय म्हणून उत्तम आहे. खिडकीच्या बदल्यात तो चालणार नाही.

एटीएम कार्डाचंही तसंच. अनेक घरांत आजोबांचं कार्ड नातवाकडे असतं, पिन सगळ्या घराला ठाऊक असतो. नातू चांगला असेल तर भाग्य. नसेल तर खात्यातून काय जातं ते आजोबांना कळत नाही, आणि कळलं तरी बोलता येत नाही, कारण राहायचं त्याच घरात. स्वतः बँकेत जाऊन स्वतःच्या सहीने पैसे काढणं ही वयस्कर माणसाच्या हातात उरलेली मोठी सत्ता असते. औषधाला किती, लेकीला किती, वारीला किती, हे तो ठरवतो. ती सत्ता आपण सोयीच्या नावाखाली काढून घेतो आहोत, याचं मला फार वाईट वाटतं.

मर्यादांच्या बाजूने बोलणारे सुरक्षिततेचा मुद्दा काढतात आणि तो खोटा नाही. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली निवृत्त माणसांची आयुष्याची पुंजी लुटली जाते आहे. तिथे मर्यादेने नुकसान कमी होतं हे मान्य. पण ती मर्यादा कुणी ठरवायची? कार्ड केव्हा चालू ठेवायचं, केव्हा बंद आणि त्यावर सीमा किती, हे ग्राहकाने स्वतः ठरवावं अशी सोय बँकांनी द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्येच सांगितलं. ते योग्यच आहे. शिवाय लुटारूंपासून वाचवणारा सगळ्यात भरवशाचा पहारेकरी तर खिडकीच्या पलीकडेच बसलेला असतो. घाबरलेल्या चेहऱ्याने कोणी मुदतठेव मोडायला आला की, “काका, एवढी घाई कशाची? कुणाचा फोन आलाय का?” असं विचारतो तो कॅशियर. मशीन असं विचारत नाही.

हक्काचं म्हणाल तर पाया भक्कम आहे. बँकिंग नियमन कायदा १९४९ चा. त्याच्या पाचव्या कलमात बँकिंगची व्याख्या करतानाच लोकांच्या ठेवी मागताच किंवा ठरल्याप्रमाणे परत देण्याजोग्या असतात, असं सांगितलं आहे. ९ नोव्हेंबर २०१७ ला रिझर्व्ह बँकेने ज्येष्ठ आणि दिव्यांग ग्राहकांसाठी बँकांना सूचना दिल्या: स्पष्ट ओळखता येईल असा वेगळा काउंटर किंवा प्राधान्य, बचत खात्याला वर्षाला किमान २५ धनादेश मोफत, आणि सत्तरीपुढच्यांना व अपंग-आजारी ग्राहकांना घरी जाऊन रोख देण्या-घेण्याची सेवा. अंथरुणाला खिळलेल्या खातेदाराला सही येत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी, हाताचा किंवा अगदी पायाचा अंगठा उठवून पैसे काढता येतात. हे सगळं लिहिलेलं आहे. तुमच्या शाखेत वेगळा काउंटर आहे का? असला तर त्यावर माणूस बसतो का, की पाटी लावून त्यामागे जुन्या फायली रचल्या आहेत? घरपोच सेवेचा फॉर्म कधी कुणी दाखवला का? कागदावरचा हक्क मागितल्याशिवाय जागा होत नाही.

पैसे असून न मिळणं म्हणजे काय, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. २३ सप्टेंबर २०१९ ला पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि खातेदाराला सहा महिन्यांत मिळून फक्त १,००० रुपये काढायची मुभा राहिली. मग १०,०००, २५,०००, ४०,०००, ५०,००० अशी ती वाढत गेली. निवृत्तीचे सगळे पैसे त्याच बँकेत ठेवलेल्या माणसांनी औषधं कशी आणली असतील? पुण्याची रुपी बँक २०१३ पासून निर्बंधांत राहिली आणि २०२२ मध्ये तिचा परवानाच गेला. १३ फेब्रुवारी २०२५ ला मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत पैसे काढणं पूर्ण थांबलं, दोन आठवड्यांनी २५,००० रुपयांची परवानगी मिळाली. आता ठेवविम्याची सीमा ५ लाख आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीमुळे ती रक्कम ९० दिवसांत मिळते, ही मोठी सुधारणा. पण रोज इन्सुलिन घेणाऱ्याचे ९० दिवस कसे जातात? म्हणून एक मागणी स्पष्ट हवी: बँकेवर निर्बंध लावायचीच वेळ आली तर ज्येष्ठांची दरमहाची पेन्शन आणि उपचाराचा खर्च पहिल्या दिवसापासून त्यांतून वगळा. अर्ज-विनंत्या आणि दवाखान्याच्या पावत्या जोडून महिन्यांनी मिळणारी सवलत नको.

व्यवस्थेला जमत नाही हे मी मानत नाही. नोटाबंदीतला १९ नोव्हेंबर २०१६ चा शनिवार आठवा. रांगांनी लोक बेजार झाले होते, आणि त्या दिवशी बँकांनी नोटा बदलून देण्याचं काम फक्त ज्येष्ठ नागरिकांसाठी राखून ठेवलं. देशभर, एका निर्णयाने. त्या धामधुमीत जे जमलं ते साध्या मंगळवारी का जमू नये?

स्पेनमधल्या वॅलेन्सिया शहरात कार्लोस सान हुआन नावाचे निवृत्त शल्यविशारद राहतात, त्यांना पार्किन्सन्स आहे. शाखा बंद होत गेल्या, काउंटरच्या वेळा कमी झाल्या, मशीनपुढे हात थरथरू लागला, तेव्हा २०२२ च्या सुरुवातीला, ७८ व्या वर्षी, त्यांनी सह्यांची मोहीम काढली. घोषणा होती: मी म्हातारा आहे, मूर्ख नाही. सहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. त्याच फेब्रुवारीत तिथल्या बँकांना सरकारसमोर लेखी कबुली द्यावी लागली की काउंटर सकाळी नऊ ते दुपारी दोन उघडे राहतील आणि ज्येष्ठांना प्राधान्य मिळेल. त्यांच्यामागे पक्ष नव्हता, पैसा नव्हता. आपल्याकडे तर गावागावात ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, त्यांचा फेस्कॉमसारखा राज्यभर पसरलेला महासंघ आहे. ईपीएस-९५ चे पेन्शनर वर्षानुवर्षं रस्त्यावर बसायला कचरत नाहीत. ही ताकद खिडकीसाठी उभी राहिली तर बँकांना ऐकावंच लागेल.

काउंटरवर नकार मिळाला की भांडू नका, तो लेखी मागा. “कोणत्या परिपत्रकानुसार, ते लिहून द्या” एवढं शांतपणे म्हटलं की निम्मे तोंडी नियम तिथेच विरघळतात, हे मी पाहिलं आहे. लिहून देत नसतील तर शाखाधिकाऱ्याच्या नावे अर्ज द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. सरकारी बँक असेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून खांबावरच्या त्या कागदाचा मूळ आदेश मागा. ग्रामसभेत ठराव घ्या. आमदार-खासदार जिल्ह्याच्या बँक समितीच्या बैठकीला जातात, तो ठराव त्यांच्या हाती द्या.

आणि तरुणांनो, तुमच्याकडेही मागणं आहे. आईचं कार्ड घेऊन परस्पर पैसे काढून आणणं सोपं, पण महिन्यातून एकदा तिला सोबत घेऊन शाखेत जा. ती स्लिप तिला भरू द्या, रांगेत तिला पुढे उभं करा, तुम्ही मागे थांबा. खिडकीपुढे माणसंच दिसली नाहीत तर ती बंद करायला बँकेला आयतं कारण मिळेल. बँकेतल्या कर्मचाऱ्यांनाही सांगायचं आहे: तुमची माणसं कमी केली गेली आहेत, रांग तुमच्या अंगावर येते, हे आम्हाला दिसतं. कॅशियरच्या जागा भरा ही तुमची मागणी आमचीही आहे. तिच्यासाठी सही मागायला या, आम्ही देऊ.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला राज्यभरातले पेन्शनर बँकेत जातात, ऐंशीच्या पुढचे केंद्रीय पेन्शनर तर १ ऑक्टोबरपासूनच. यंदा त्या दाखल्याबरोबर प्रत्येकाने आणखी एक कागद न्यायचा. मजकूर चार ओळींचा: या शाखेत ज्येष्ठ ग्राहकांना स्लिप व पासबुकावर, किमान रकमेची अट न लावता, काउंटरवरून रोख रक्कम द्यावी; ज्येष्ठांसाठीचा काउंटर रोज कामाच्या पूर्ण वेळेत चालू ठेवावा; सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवेची माहिती मराठीत फलकावर लावावी; रोख देण्यावर मर्यादा असल्यास तिचा आदेश क्रमांकासह त्याच फलकावर लावावा. खाली नाव, वय, सही किंवा अंगठा. दोन प्रती काढा. एक आत द्या, दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्या, आणि ती प्रत आपल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या फायलीत जमा करा.