राज्यसभेतील आंबेडकर आणि गोवा

विरोधी सभासद म्हणजे केवळ दोष काढणारा, असा समज आपल्याकडे फार रूढ आहे. त्यातून वरिष्ठ सभागृहात सरकार पडत नाही; मग तेथील विरोधाचा उपयोग काय, असे पुष्कळजण विचारतात. त्यांनी डॉ. आंबेडकरांचे २६ ऑगस्ट १९५४ चे राज्यसभेतील भाषण वाचावे, असे आम्हांस वाटते.

१९५१ साली मंत्रिपद सोडून ते विरोधी बाजूस आले होते. या भाषणाच्या अकराच दिवस आधी आपल्या पेडणे महालातील तेरेखोल किल्ल्यावर सत्याग्रहींनी तिरंगा फडकविला होता. परराष्ट्रधोरणावर बोलताना आंबेडकरांनी गोव्याचा प्रश्न घेतला. अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियाना विकत घेतला, इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड पट्ट्याने घेतले. तसा मार्ग सरकारने आरंभीच शोधावयास हवा होता, आणि लहानशी पोलीस कारवाईही पुरेशी होईल, असे त्यांचे म्हणणे. पर्याय पुढे ठेवून केलेली ही टीका!

खरेदीचा उपाय मात्र आम्हांस पटत नाही. १७८८ साली सावंतवाडीकरांनी पेडणे पोर्तुगीजांना दिले, ते लष्करी मदतीच्या मोबदल्यात. (डिचोली त्याआधीच गेली होती.) रयतेस कोणी विचारले नव्हते, दुसरा सौदाही तसाच झाला असता. शिवाय सालाझार विकावयास तयार कधी होता?

परंतु दिरंगाईचा दोष आंबेडकरांनी अचूक हेरला. पुढच्याच वर्षी पत्रादेवीस निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि भारतीय सैन्य गोव्यात आले ते डिसेंबर १९६१ मध्ये. आंबेडकर १९५६ सालीच निवर्तले होते.