रात्रीच्या विजेचा हिशेब

भिगवण : सौर ऊर्जेची चर्चा बहुधा पॅनेलच्या किमतीपाशीच थांबते. वीज कोणत्या वेळी हवी, हा त्याहून अवघड प्रश्न मात्र मागे राहतो. उजनीच्या फुगवट्यातून पाणी उपसणाऱ्या भिगवण परिसरातील ऊस उत्पादकांना वीज दिवसा हवी आहे. पाळीने मिळणाऱ्या रात्रीच्या विजेवर, विंचू-काट्यातून बांधावर जाऊन पाणी धरण्याचा त्रास त्यांना चांगलाच ठाऊक आहे. २०१७ मधील मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना नेमकी याच गरजेवर उभी राहिली. ऊन असेतो पंप चालावा, इतकेच येथे पुरते. बॅटरीचे काम पडत नाही.

बेटावर हे गणित उलटते. घारापुरीची लेणी जगाला परिचित. परंतु मुंबईसमोरच्या या बेटावरील राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या वस्त्या स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे डिझेल जनित्राच्या सायंकाळच्या काही तासांवर विसंबून होत्या. दिवसा पर्यटकांचा राबता, आणि विजेची खरी निकड शेवटची लाँच परतल्यानंतर. अखेर फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकून महावितरणने तेथे वीज पोहोचविली. त्यासाठी सुमारे २५ कोटी रुपये खर्च आला. किनारा इतका जवळ असताना केबलचा निर्णय योग्यच होता. तो इतक्या उशिरा का झाला, हा प्रश्न वेगळा.

लक्षद्वीपला ही सोय नाही. तेथील जनित्रांचे डिझेल मुख्य भूमीवरून जहाजाने येते. जानेवारी २०२४ मध्ये कवरत्ती येथे १.७ मेगावॉटच्या सौर प्रकल्पाचे बॅटरीसह उद्घाटन झाले. बॅटरीची क्षमता १.४ मेगावॉट-तास, म्हणजे प्रकल्पाची पूर्ण क्षमतेची तासाभराचीही वीज तीत मावत नाही. ढग आल्यावर पुरवठा सावरण्यास ती उपयोगी. रात्रभर गाव उजळण्यास अपुरी. याउलट अमेरिकन सामोआतील ताऊ या सुमारे सहाशे वस्तीच्या बेटावर २०१६ मध्ये १.४ मेगावॉट सौर क्षमतेला ६ मेगावॉट-तासांच्या बॅटऱ्यांची जोड देण्यात आली. सलग तीन दिवस ऊन नसले तरी बेटाचे भागावे, असा तो हिशेब होता.

अर्थात बॅटरी कायमची नसते. खारी हवा, उष्मा आणि रोजचे भरणे-रिकामे होणे यांनी ती झिजते. काही वर्षांनी ती बदलावीच लागते. उभारणीला अनुदान मिळते, बदलीसाठी क्वचितच. ती रक्कम पहिल्या महिन्याच्या बिलापासूनच बाजूला काढली नाही, तर बेट पुन्हा डिझेलकडे वळते.

भिगवणच्या मासळी बाजाराला मात्र बॅटरीपेक्षा स्वस्त साठवण उपलब्ध आहे. पहाटे लागणारा बर्फ आदल्या दुपारच्या उन्हावर तयार करता येतो.