झोळी धुळीची

घट बसण्याआधी एकदा आणि दिवाळीच्या तोंडावर पुन्हा एकदा आपल्याकडे घरोघरी धुळीवर स्वारी निघते. माळ्यावरचे डबे खाली येतात, गोधड्या नदीवर नाहीतर गच्चीवर जातात, गाद्यांना काठीचा प्रसाद मिळतो आणि डोक्याला फडके गुंडाळलेली गृहिणी छतापासून उंबऱ्यापर्यंत एकेक कोपरा सर करीत येते. आता या स्वारीत पुष्कळ घरांतून व्हॅक्युम क्लीनर नावाचा शिपाईही सामील झालेला असतो. शिपाई मोठा आवाजी! पण त्याचा सारा पराक्रम त्याच्या पोटातल्या एका साध्या पिशवीवर अवलंबून असतो, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येते.

आजचा विषय सुचला तो कोल्हारच्या एका वाचक भगिनींच्या पत्रावरून. पुण्याच्या भावाने भाऊबीजेची ओवाळणी म्हणून त्यांना हे यंत्र दिले. सोबत आलेल्या पिशव्या संपल्या. नव्या घ्यायला गेल्या तर दुकानदाराने तीन तऱ्हा पुढे ठेवल्या: एक धुऊन पुन्हा वापरायची कापडी, दुसरी कागदी आणि तिसरी दिसायला कापडासारखी, पण न विणलेली, आणि किमतीने सर्वांत चढी. यजमानांचे म्हणणे, धूळच तर भरायची आहे, स्वस्तातली घ्यावी. पण घरात सासूबाईंना दमा आहे. तेव्हा कोणती घ्यावी, असा त्यांचा प्रश्न.

यजमानांची काटकसर योग्यच आहे. फक्त मुळात एक गैरसमज आहे. ही पिशवी धूळ भरण्यासाठी नसते. हवा गाळण्यासाठी असते.

यंत्रातला पंखा हवा ओढतो. हवेबरोबर धूळ येते. ती हवा पिशवीच्या अंगातून आरपार जाऊन मागच्या बाजूने पुन्हा आपल्याच खोलीत सोडली जाते. पिशवीने अडवले ते आत राहिले. जे निसटले ते थेट आपल्या नाकाशी आले. पिठाच्या गिरणीत पीठ पडते त्या तोंडाला लांब कापडी पिशवी बांधलेली आपण पाहिली असेल. पीठ डब्यात उतरते आणि हवा कापडातून बाहेर पडते. आता गिरणीवाल्याच्या भुवयांकडे बघा. त्या पांढऱ्या होतात, त्या कापडातून निसटलेल्या पिठाने. साध्या कापडाची गाळणी कुठवर पुरते, याचा याहून चांगला दाखला शोधायला नको.

या यंत्राच्या जन्माची कथाही गाळणीचीच आहे. लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअराला १९०१ साली धूळ फुंकून उडवण्याऐवजी शोषून घेण्याची कल्पना सुचली. एका उपाहारगृहात खुर्चीच्या गादीवर हातरुमाल ठेवून त्याने तोंडाने जोरात हवा ओढली, आणि रुमालाच्या खालच्या अंगाला धुळीचा काळा ठसा उमटला. पुढे अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जेम्स मरे स्पँगलर नावाचा एक झाडलोट करणारा नोकर होता. त्याला दमा होता आणि झाडताना उडणाऱ्या धुळीने जीव मेटाकुटीला येई. त्याने पंख्याची मोटार, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून घरच्या घरी यंत्र केले, आणि १९०८ साली त्याचे पेटंट मिळवले. ते हक्क पुढे हूव्हर यांनी घेतले आणि यंत्र जगभर गेले. आपल्याकडे ते घरोघर पोचवले १९८२ साली निघालेल्या युरेका फोर्ब्ज कंपनीच्या दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्यांनी. म्हणजे बघा, एका दमेकऱ्याने आपला श्वास वाचवण्यासाठी केलेले हे यंत्र. ते दम्याच्या माणसाच्या घरात धूळ उडवीत फिरले, तर काय म्हणावे!

आता कोल्हारच्या धुळीकडे वळू. कारण धूळ ओळखल्याशिवाय पिशवी निवडता येत नाही. प्रवरेच्या एका काठाला भगवतीदेवीचे कोल्हार बुद्रुक, दुसऱ्या काठाला कोल्हार खुर्द, आणि मधून नगर-मनमाड रस्ता. जवळच लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० साली सुरू झाला. तेव्हापासून हा सारा मुलूख उसाचा. दिवाळी सरते न सरते तोच गळीत हंगामाची लगबग सुरू होते आणि उसाच्या गाड्या-ट्रॅक्टरांनी रस्ते उधळून निघतात. कुठे शेतात पाचट पेटवले, तर त्याची काळी राख अंगणात उतरते. आणि खाली काळी माती! चिकणमातीचा कण दोन मायक्रॉनहून लहान असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा धरला, तर हा कण किती बारीक याची कल्पना येईल. दहा मायक्रॉनच्या आतली धूळ श्वासाबरोबर छातीत जाते आणि अडीचच्या आतली फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचते. मुंबई-पुण्याच्या वाचकांनी निर्धास्त राहू नये. शेजारी इमारत उभी राहत असली, की सिमेंटची धूळ याच मापाने खिडकीतून येत असते.

आता तिन्ही पिशव्या.

कापडी पिशवी एकदाच घ्यावी लागते, हा तिचा मोठा गुण. केस, कागदाचे कपटे, खोबऱ्याच्या शेंड्या, शिवणकामाच्या चिंध्या यांना ती उत्तम. बारीक माती मात्र तिच्या विणीतून निसटते. परीक्षा सोपी आहे. पिशवी दिव्यासमोर धरा. विणीतून प्रकाशाचे ठिपके दिसले, की तिथून धूळही जाणार. धुतलेली पिशवी खडखडीत वाळल्याशिवाय यंत्रात घालू नये. ओल्या कापडावर धुळीचा चिखल होतो आणि ओल मोटारीला बाधते.

कागदी पिशवी, विशेषतः दोन पदरी, कापडाहून बारीक धूळ अडवते. पण तिची छिद्रे लवकर बुजतात आणि ओल लागली की ती फाटते. आपल्याकडची हौशी मंडळी तिचा तळ कापून, धूळ झटकून, पुन्हा पिना मारून ती वापरतात. हा उद्योग करू नये. छिद्रांत बसलेली धूळ झटकून जात नाही. यंत्र घरघरते, ओढत मात्र नाही. आणि पुष्कळ यंत्रांत त्याच हवेने मोटार थंड राहत असल्याने ती तापू लागते.

तिसरी, न विणलेल्या कृत्रिम धाग्यांच्या अनेक पदरांची. आडवेतिडवे धागे एकमेकांवर दाबलेले असल्यामुळे धूळ पदरापदरांत अडकत जाते. ती सहसा फाटत नाही, बारीक धूळ अधिक अडवते आणि भरत आली तरी हवा बरीच वाहू देते. किंमत जास्त, पण किमतीला ती जितके आठवडे चालते त्यांनी भागून पाहावे, नुसती पाकिटावरची रक्कम पाहू नये.

कोणतीही घ्या, आधी यंत्राच्या तळाशी छापलेला मॉडेल क्रमांक टिपून न्या आणि जुनी पिशवीही सोबत घ्या. पुठ्ठ्याच्या तोंडाचा आकार, भोकाची रुंदी आणि आतली रबरी कडी तंतोतंत जुळली पाहिजे. पिशवी कितीही भारी असली आणि तोंडाशी फट राहिली, तर सगळी धूळ त्याच वाटेने पळते. घरबसल्या मागवणाऱ्यांनी तर हे माप दोनदा ताडून पाहावे. यंत्राच्या मागे हवा बाहेर पडते तिथेही एक गाळणी असते. ती सांगितलेल्या वेळी बदलावी. काही यंत्रांत तिथे ‘हेपा’ जातीची गाळणी बसवता येते. ०.३ मायक्रॉनचे १०० पैकी ९९.९७ कण अडवील, अशी तिची कसोटी असते. दम्याच्या घरी हा खर्च सार्थकी लागतो.

दिवाळीपुरते आणखी थोडे. रांगोळी यंत्राने ओढू नये. ती दगडाची भुकटी. चांगली पिशवी एका सकाळीत बुजवून टाकील. ती ओल्या फडक्याने टिपावी. उदबत्तीची ताजी राख आणि फटाक्यांचा कचरा तर मुळीच नको; त्यात विस्तव दडलेला असतो आणि पिशवीत पेट घ्यायला भरपूर सामान असते. पिशवी दोन तृतीयांश भरली, की बदलावी.

आणि पिशवी काढायची कोणी? बहुतेक घरांत हे काम गृहिणीकडे नाहीतर कामवाल्या बाईंकडे येते. महिनाभराची धूळ एका क्षणात तोंडावर उडते ती त्यांच्याच. पिशवी घराबाहेर काढावी, नाकातोंडावर फडके बांधावे, पिशवीचे तोंड चिकटपट्टीने बंद करून ती दुसऱ्या पिशवीत घालून कचऱ्यात द्यावी. कापडी असेल तर वारा नसताना, ओल्या पोत्यावर हलकेच रिकामी करावी. दम्याच्या माणसाने त्या वेळी जवळ फिरकू नये.

तेव्हा कोल्हारच्या ताईंनी तिसरी पिशवी घ्यावी. निदान सासूबाईंच्या खोलीसाठी आणि गाद्यांसाठी तरी तीच वापरावी. कारण गाद्यांत राहणाऱ्या सूक्ष्म किड्यांची विष्ठा दम्याला विशेष चाळवते. जुनी कापडी फेकू नये. ओटी-पडवीच्या जाडसर कचऱ्याला ती चालेल. यजमानांची काटकसरही राहील आणि सासूबाईंचा श्वासही. यंदाची ओवाळणी ठरवायला भावाला विचार करावा लागू नये, म्हणून सुचवते: पिशव्यांचे एक पाकीट त्याच्याकडून हक्काने मागून घ्यावे. मॉडेल क्रमांक मात्र आठवणीने कळवावा!