परसांत कांचन लावण्यापूर्वीं

पावसाळा तोंडावर आला कीं रोपवाटिकांच्या दारीं गर्दी होऊं लागते, आणि घरापुढें एखादें फुलझाड असावें ही हौस बहुतेक घरांत जागी होते. ही हौस आम्ही वावगी समजत नाहीं. ज्याचें सारें आयुष्य नांगर-पाळींत जातें त्यानें चार हात जागा डोळ्यांच्या सुखासाठीं राखली, तर ती उधळपट्टी कशी म्हणावी? परंतु आंब्याचें कलम घेतांना जो शेतकरी दहा प्रश्न विचारतो, तोच फुलझाड घेतांना केवळ रंगीत चित्र पाहून पैसे मोजतो, हें आम्हांस पसंत नाहीं. पीक चुकलें तर पुढल्या हंगामांत बदलतां येतें. झाड चुकलें तर तें नातवांच्या वांट्यास जातें. म्हणून त्याची निवड बियाण्याच्या निवडीइतकीच विचारपूर्वक झाली पाहिजे. या दृष्टीनें कांचन या एकाच कुळाविषयीं आमचें मत येथें मांडीत आहों.

कांचनच कां, असें कोणी विचारील. हल्लीं पुष्कळ शेतकरी कुटुंबांतील मुलें नोकरीनिमित्त अमेरिकेंत असतात, व तिकडे वसंतांत फुलणाऱ्या ‘रेडबड’ नांवाच्या झाडाचीं छायाचित्रें घरीं धाडतात. अंगावर पान नाहीं, आणि फांद्याच नव्हेत तर जुनें खोडसुद्धां गुलाबी फुलांनीं मढलेलें, असें तें दृश्य मोहक आहे खरें. ओक्लाहोमा राज्यानें तर १९३७ सालीं या झाडास राज्यवृक्षाचा मान दिला. परंतु त्यास कडक हिवाळ्याची विश्रांति लागते. ती आपल्या पठारावर अगर कोंकणपट्टींत मिळत नाहीं. वनस्पतिशास्त्रज्ञ रेडबड व कांचन यांस शेंगवर्गाच्या एकाच उपकुळांत घालतात. तेव्हां ज्यांस निष्पर्ण फांद्यांवरील गुलाबी बहराची हौस आहे त्यांनीं सातासमुद्रांपलीकडे पाहण्याचें कारण नाहीं. त्याचा चुलतभाऊ आपल्या दारांत उभा आहे.

मात्र हा चुलतभाऊ एकटा नाहीं, आणि घोटाळा होतो तो येथेंच. उंटाच्या खुरासारखें दुभंगलेलें पान दिसलें कीं लोक त्यास कांचन म्हणून मोकळे होतात. महसुली दप्तरांत नोकरी केलेल्यास एक गोष्ट पक्की ठाऊक असते : एकाच नांवाचे दोन खातेदार असले तर बापाचें नांव पाहिल्यावांचून नोंद करूं नये. कांचनाचें तसेंच आहे. येथें बापाचें नांव म्हणजे फुलण्याचा महिना व फुलांतील पुंकेसरांची संख्या. या दोन खुणा ज्यास कळल्या त्यास कोणी सहसा फसवूं शकत नाहीं.

पहिला रक्तकांचन. उत्तरेकडे यासच कचनार म्हणतात. हिवाळा सरतां सरतां याचीं पानें झडतात, आणि फाल्गुन-चैत्रांत बोडक्या फांद्या जांभळट गुलाबी फुलांनीं भरून जातात. पांच पाकळ्यांपैकीं एकीवर गडद रंगाची नक्षी असते, पुंकेसर पांच. शुभ्र फुलांचाही एक प्रकार याच जातींत आहे. कळ्यांची भाजी होते, व साल वैद्यांच्या कांचनार गुग्गुळांत पडते. झाड तीस-पस्तीस फुटांपर्यंत जातें. हिवाळ्यांत याचें पाणी तोडलें म्हणजे बहर दाट येतो. ज्यांनीं संत्र्या-मोसंबीला ताण दिला आहे त्यांस यावर अधिक सांगणें नको. मोरीच्या सांडपाण्यावर हें झाड लावूं नये, याचें कारणही हेंच.

दुसरा देवकांचन. हा पाऊस ओसरल्यावर, भाद्रपद-आश्विनापासून मार्गशीर्षापर्यंत, अंगावर पानें असतांनाच फुलतो. पाकळ्या अरुंद व एकमेकींपासून सुटलेल्या. पूर्ण वाढीचे पुंकेसर बहुधा तीनच. पानाची चीरही रक्तकांचनाहून खोल असते. वाढ झपाट्याची, पण झपाट्यानें वाढलेल्या लांकडाची जी खोड तीच यालाही आहे, म्हणजे वादळांत फांद्या मोडतात. गोठ्याच्या पत्र्यावर अगर विजेच्या तारेखालीं हा नसावा. ज्याच्या घरीं दिवाळीला पाहुणे जमतात व ज्यास तेव्हांच फुलें हवीं आहेत त्यानें देवकांचन घ्यावा. ज्यास उन्हाळ्याच्या तोंडाशीं, शेत उजाड असतांना, घरापुढें रंग हवा त्यानें रक्तकांचन घ्यावा. जागा असेल तर दोन्ही लावावे, म्हणजे वर्षांत दोन बहर मिळतील.

तिसरा प्रकार हल्लीं रोपवाटिकांत फार खपतो. तो हाँगकाँगचा कांचन. सुमारें १८८० सालीं हाँगकाँग बेटाच्या किनाऱ्यावर एका फ्रेंच मिशनऱ्यास हें झाड आढळलें. १९०८ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालें, व तेथील माजी गव्हर्नर सर हेन्री ब्लेक यांचें नांव त्यास मिळालें. १९६५ सालीं तें हाँगकाँगचें मानाचें फूल ठरलें, आणि १९९७ पासून तेथील निशाणावर तेंच आहे. फूल मोठें, किरमिजी, सुवासिक; बहर कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत टिकणारा. हें झाड रक्तकांचन व देवकांचन यांचा संकर असून तें बीं धरीत नाहीं. जगांत जितकीं म्हणून हीं झाडें आहेत तितकीं कलमानें, गुटीनें किंवा छाटानेंच वाढविलेलीं आहेत. यावरून शेतकरी बंधूंनीं एक व्यवहारी धडा घ्यावा. ‘हाँगकाँग कांचनाचें बियांपासून केलेलें रोप’ म्हणून कोणी कांहीं विकूं लागला तर तें दुसरेंच कांहीं आहे असें खुशाल समजावें. शेंगांचा केर पडत नाहीं म्हणून शहरांतील बंगल्यास तें सोयीचें आहे. पण शेतकऱ्याच्या परसांत पहिला मान त्यास द्यावा असें आम्हांस वाटत नाहीं. ज्याचें बीं शेजाऱ्यास देतां येत नाहीं, लेकीला सासरीं धाडतां येत नाहीं, तें झाड कितीही देखणें असलें तरी दुसऱ्या नंबरचें.

ज्यांचें अंगण लहान आहे त्यांनीं पांढरा व पिवळा या दोन झुडपी कांचनांचा विचार करावा. पांढरा कांचन पुरुषभर, फार तर दहा फूट वाढतो, त्याच्या फुलांत दहा पुंकेसर असतात, व तो वर्षाचे बरेच महिने थोडा थोडा फुलत राहतो. पिवळ्या कांचनाचीं फुलें घंटेसारखीं खालीं झुकलेलीं, तळाशीं काळपट लाल ठिपका. तुळशीवृंदावनाच्या मागें अगर कुंपणाच्या कडेला हीं झुडपें शोभतात, आणि भिंतीस धोका नाहीं. तीस फुटांचा वृक्ष दहा फुटांच्या अंगणांत कोंबून मग दर वर्षीं त्याचीं डोकीं उडविण्यापेक्षां हें शतपट बरें.

लागवडीची रीत सोपी आहे. उन्हाळ्यांत मोठ्या कांचनांच्या शेंगा उन्हानें तडकून बीं दूर उडतें. म्हणून शेंगा तपकिरी होतांच काढून घ्याव्यात. ताजें बीं पिशवींत पेरल्यास दोन आठवड्यांच्या आंत-बाहेर उगवतें, आणि रक्तकांचन चांगल्या जमिनींत तीन-चार वर्षांत फुलूं लागतो. मात्र बियांच्या झाडाचा रंग अगदीं आईसारखाच येईल असा भरवसा धरूं नये. ठराविक रंग हवा तर कलम घ्यावें. खड्डा दोन फूट लांब, रुंद व खोल असावा. मोठ्या जातींचें झाड भिंतीपासून निदान पंधरा फूट दूर असावें. पाणी साचणारी जागा टाळावी, व चुनखडीची जमीनही टाळावी, कारण तींत पानें पिवळीं पडतात. शेळ्यांस हा पाला आवडतो. पहिलीं दोन वर्षें कांट्याचें कुंपण हवेंच. छाटणी नेहमीं बहर संपल्यावर करावी. आधीं केली तर येणारीं फुलें आपणच कापून टाकतों.

एक गैरसमज येथें दूर केला पाहिजे. कांचनास शेंगा येतात म्हणून तुरीप्रमाणें किंवा हरभऱ्याप्रमाणें तो जमिनींत नत्र भरतो, असें कांहीं विक्रेते सांगतात. या कुळाच्या मुळांवर सामान्यतः तशा गांठी धरत नाहींत. खताच्या आशेनें कांचन लावूं नये. फुलांसाठीं, पाल्यासाठीं व सावलीसाठीं लावावा.

आतां ज्या गोष्टीसाठीं मुख्यतः हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे वळतों. या कुळांतील ज्या झाडाशीं आपल्या महाराष्ट्राचें नातें सर्वांत जुनें, त्याचें नांव रोपवाटिकेंत कोणी विचारीतही नाहीं. तें झाड आपटा. दसऱ्यास आपण त्याचें पान सोनें म्हणून वांटतों. रघुराजासाठीं कुबेरानें सुवर्णवृष्टि केल्याची कथा घरोघर सांगतों. आणि त्याच दिवसासाठीं शहरांच्या बाजारांत गाड्या भरून ज्या फांद्या येतात त्यांत पुष्कळदां आपटा नसतोच. ओरबाडलेला कांचन असतो. ज्यांत खरा आपटा असतो त्या गाड्या रानांतलें एखादें मंदगतीनें वाढलेलें झाड बोडकें करून आलेल्या असतात. सोनें लुटण्याचा सण झाड लुटण्याचा झाला, हें कोणत्याही शास्त्रांत बसत नाहीं.

आपटा ओळखणें कठीण नाहीं. पान कांचनाच्या पानाहून बरेंच लहान, लांबीपेक्षां रुंदी अधिक, जाड, चिवट, मागील बाजूस करडें. साल काळपट व भेगाळलेली. फुलें बारीक, फिकट पिवळट. शेंगा जाड व काळसर; त्या तडकत नाहींत, कित्येक महिने झाडावर लोंबत राहतात. सालीच्या वाखाचे दोर वळतात व पानें विडीस लागतात. कोरडवाहू मुरमाड जमिनींतही हें झाड तग धरतें. त्यास बागाइताची चैन लागत नाहीं. शेंगा कुटून बीं काढावें, रात्रभर पाण्यांत भिजवावें, व मृगाच्या सुमारास पेरावें.

कोणी म्हणेल, हें वेडेंवांकडें, हळू वाढणारें झाड घरापुढें काय शोभा देणार? घरापुढें नका लावूं. बांधाच्या कोपऱ्यावर लावा. जुन्या खतपत्रांच्या चतुःसीमेंत ‘पूर्वेस आपट्याचें झाड’ अशीं वाक्यें आम्हीं नोकरींत असतांना वाचलेलीं आहेत. पुढें बांध कोरले गेले, झाडें गेलीं, आणि खूण नाहींशी झाल्यावर भावाभावांत मोजणीचे अर्ज सुरू झाले. बांधावरचें झाड पिकास सावली करतें ही तक्रार खोटी नाहीं. पण आपटा बसकाच असतो, आणि त्याच्या सावलींत जितकें पीक बुडतें त्याहून पुष्कळ अधिक पैसा हद्दीच्या एका तंट्यांत जातो. झाड दोघांच्या संमतीनें लावावें, एवढें मात्र सांभाळावें.

सारांश, ज्यास अंगण आहे त्यानें बहराचा महिना पाहून रक्तकांचन किंवा देवकांचन निवडावा. ज्यास जागा थोडी त्यानें पांढरा अगर पिवळा. रोप शक्य तों फूल पाहून, पुंकेसर मोजून घ्यावें. पण ज्यास सातबारा आहे, त्यानें या पावसाळ्यांत निदान एक आपटा बांधावर लावावा, आणि तो मोठा होईपर्यंत दसऱ्याला फांदी न आणतां प्रत्येकास एकच पान द्यावें. सोनें थोडें दिलें म्हणून मान कमी होत नाहीं. झाड मात्र उभें राहतें.